गुरुवारची पायरी

२ फेब्रुवारी, रविवार
कंपनीची बस काळेवाडीत चर्चसमोर थांबली. आत गाणं चालू होतं — सिग्नल सुटेपर्यंत ऐकलं! चाकणच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी, उपासना रविवारी. देवाची नि माझी गाठच पडत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा." दिपालीला सांगितलं, "सुधारणा आहे म्हणाले." ती नुसती हसली. बायकोशी खोटं बोलणं मला कधी जमलंय!

प्रार्थनेला बसलो. "प्रभू" — एवढंच. पुढे शब्द नाहीत. ती डोळ्यांदेखत झिजतेय आणि मी लाइनवर गाड्यांचे बोल्ट आवळतोय. काही म्हणजे काही करता येत नाही मला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी दिपाली म्हणाली, "तुम्ही घरी, म्हणजे आज रविवार. उपासनेला चला." गोळ्यांनी तिला वारही कळेनासे झालेत. "अगं, गुरुवार आहे" — जीभच रेटेना. खाली शेजारचा बरकत रिक्षा पुसत होता. तिला उचलून बसवलं. किती हलकी झालीय!

चर्चला कुलूप. आता हिला काय सांगू?

"पायरीवर बसू की," ती म्हणाली. बसलो. बरकत लांब रिक्षातच थांबला, रेडिओ बंद करून.

"म्हणा काहीतरी." मला भडभडून आलं. शब्द एक नाही, नुसता रडलो. आजारी ती, आणि पाठ थोपटतेय माझी! "झाली प्रार्थना," म्हणाली. तिथेच डोळा लागला माझा. कित्येक महिन्यांनी अशी झोप. मागितलं काहीच नव्हतं, तरी प्रभूने दिली.

९ फेब्रुवारी, रविवार
शिफ्टला निघताना धास्ती — आता विचारेल, आज कुठला वार? नाही विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
काल दिपालीला माती दिली. चर्च उघडं होतं. "प्रभूची इच्छा," सगळे म्हणाले. मला तसं म्हणवलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी बरकत रिक्षा घेऊन दारात! मी बोलावलं नव्हतं.

"भाभीनं सांगून ठेवलंय, भाऊ. दर गुरुवारी तुम्हाला त्या पायरीवर न्यायचं."

"गुरुवारी?"

"हां. तेव्हा पण त्यांनीच आदल्या दिवशी सांगितलेलं — उद्या गुरुवार, चर्चला कुलूप असेल, पण यांना जरा बसवायचंय."

म्हणजे तिला वार माहीत होता!

चपला घातल्या. निघतो.