टायगरला काम हवे

सांगली, ता. १२ जून १९४६

ती. गं. भा. उमाआत्या हिचे सेवेशी,
बालके प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. बी. ए. झालेल्या भाचीला कुत्र्याच्या गोचिड्या तरी काढता येतात का, असे विचारले आहेस. येतात. शाळेत शिकवून आले की रोज तेच करते, आणि या घराचा रोज थोडा अधिक वीट येतो.

दादाला वकिलाच्या दारात शोभायला कुत्रे हवे होते, म्हणून तूच वडूजच्या बयाबाईच्या मेंढरांमागचे पिल्लू आणवून दिलेस. आता टायगर दीड वर्षाचा आहे आणि दिवसभर दोन हात साखळीला बांधलेला असतो. पुढचा पाय चाटून चाटून त्याने कातडे सोलून काढले आहे. माशा बसतात. वहिनी सोवळ्यात असली की शिळा भात काठीने त्याच्यापुढे ढकलते.

परवा पंक्ती बसल्या असताना तो सुटला. अकरा पाहुण्यांच्या वहाणा त्याने तोंडात धरून एका कोपऱ्यात गोळा केल्या आणि त्यांच्याभोवती फेऱ्या घालत बसला. कोणी जवळ गेले की गुरगुरे. कुत्रे पिसाळले म्हणून बोभाटा झाला. दादा म्हणाला, महिन्याभरात शहाणे झाले नाही तर शिकारी हरिबाला बंदूक घेऊन बोलावतो.

कुत्र्याच्या डोक्यालाही खाद्य लागते, असे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचले. म्हणून सहा करवंट्या पालथ्या घालून एकीखाली भाकरीचा तुकडा लपवते, फडक्याच्या गाठी मारून त्यात गूळ ठेवते. टायगर पाच मिनिटांत सगळे उरकतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. हात मिळवायला शिकवले, तर दादा आता पक्षकारांपुढे तो खेळ करून दाखवतो. ते टाळ्या पिटतात. हे मीच शिकवले, याची मला शिसारी येते. बयाबाईला काही उपाय विचारशील का?

तुझी माया आहे म्हणून हे लिहिते. ती तशीच राहावी.
तुझी, प्रमोदिनी


सातारा, ता. २३ जून १९४६

चि. प्रमोदिनी हिस उमाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

बयाबाई आज घोंगडी विकायला आली होती. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. करवंट्यांपाशी आले तेव्हा ती इतकी हसली, की ठसका लागला. म्हणाली, आवं आत्याबाई, त्यो काय माकडवाल्याचं माकड हाय व्हय? त्येची आय रोज सांजच्याला कळपाभवती फिरायची. एक मेंढरू कमी असलं तर माझ्या ल्योकाचं, धुळाचं, धोतर धरून वढायची. त्येला खेळ नगं, राखायला कायतरी द्या. त्यो येडा न्हाई, लय बिनकामाचा झालाय.

मी म्हटलं, मग तूच परत ने. तर म्हणाली, आता न्हाई जमायचं. भातावर वाढल्यालं कुत्रं आमची कुत्री फाडून खातील.

तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं. त्याच्या पायाला हळद-तेल लाव. तब्येतीला जप आणि या म्हातारीला विसरू नकोस.
उमाआत्या


सांगली, ता. २२ जुलै १९४६

ती. गं. भा. उमाआत्या हिचे सेवेशी,
बालके प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

बयाबाईचे म्हणणे खरे ठरले. नदीकडच्या हरिजन वस्तीतून आमच्या शाळेत सात मुली येतात. वाटेत लाकडाच्या वखारीपाशी टवाळ पोरे त्यांना शेण मारतात. तिघींनी शाळाच सोडली होती. मी टायगरला सकाळ-संध्याकाळ त्यांच्याबरोबर न्यायला लागले. चौथ्या दिवशी एक मुलगी पाणी प्यायला मागे राहिली, तर ती येईपर्यंत हा जागचा हलला नाही. आता सातही येतात. वखारीपाशी कोणी हात उगारत नाही. टायगरने पाय चाटणे सोडले, जखमेवर लव आली आहे.

आणि परवा वहिनीला कळले, की त्या मुली त्याला कुरवाळतात. तिने दारातच त्याच्या अंगावर गोमूत्र घातलेले पाणी फेकले. हेच कुत्रे गटारात तोंड घालून येई तेव्हा कोणाला काही वाटत नसे. त्यांच्यातल्या आठ वर्षांच्या बनूचा हात लागला, तर ते बाटले! दादा कायदा शिकलेला. तो शांतपणे म्हणाला, कुत्रे साखळीला राहील, नाहीतर रविवारी हरिबा येईल.

मी म्हटले, मी त्याला घेऊन घर सोडते. तो हसला. एकट्या मुलीला खोली कोण देणार, म्हणाला. खरे आहे. शाळेमागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, घरचे वडील माणूस सोबत असेल तरच देईन. आत्या, तू येशील? मुली रोज अंगणात येतील, हे आधीच सांगते.

उत्तराची वाट पाहते. रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.
प्रमोदिनी


सातारा, ता. २४ जुलै १९४६

चि. प्रमोदिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा बयाबाई ओट्यावर बसली होती. मी वाचून दाखवलं. तुझ्या वहिनीचं वाचून माझं डोकं तडकलं, चार शब्द सुनावावेत म्हणून लगेच कागद पुढे ओढला. समोर बयाबाई पाणी पिऊन पेला घासत होती. तिचा पेला मी तीस वर्षं बाहेरच्या दिवळीत वेगळा ठेवते. ती आपणच त्याला राख लावते, आपणच पालथा घालते. मी कधी सांगितलं, तेसुद्धा आठवत नाही.

प्रमे, हात थांबला. वहिनीला लिहायचं ते कोणत्या तोंडानं लिहू? बयाबाईला कळलं असावं. म्हणाली, ऱ्हाऊ द्या आत्याबाई, सवं हाय मला.

तिला सवय आहे, हे ऐकून माझी मलाच किळस आली. पेला उचलून आत न्यावा असं वाटलं. उचलला, उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत दिवळीत ठेवला. तुला खोटं कशाला लिहू?

तरी मी येते. शनिवारच्या गाडीनं निघते. खोल्या घेऊन टाक, हरिबा यायच्या आत टायगरला तिथं ने. पण मी मोठी सुधारलेली म्हणून येते, असं कोणाला सांगू नकोस. मुली अंगणात आल्या, की मी आत पळेन. पळाले तर मला हाक मार, मोठ्यानं, त्यांच्यासमोर.

तुझ्या सोबतीला येणारी,
उमाआत्या