दादाचं स्टूल

३ तारीख, सकाळी ९
आजपासून संकल्प : दुसऱ्याच्या मताचा आदर करायचा. दादा जाऊन चार महिने झाले. रंगाचं दुकान आता मी एकटाच चालवतो, म्हणजे वाद घालायला कोणी नाही. संकल्पाला याहून चांगली वेळ कुठली?

(आमचा शेवटचा वाद नमुन्याच्या कार्डावरून झाला. मी म्हणालो निळा, तो म्हणाला हिरवा. मी म्हणालो, तुला रंगातलं काही कळत नाही. तो कार्ड खिशात टाकून घरी गेला आणि संध्याकाळी हार्ट अटॅक. दोन्हींचा काहीएक संबंध नाही. डॉक्टरांना विचारलंय. दोनदा.)

४ तारीख
वहिनी आल्या. दादाच्या शर्टाच्या खिशात तेच कार्ड सापडलं म्हणे. घराच्या दाराला अगदी तोच रंग हवाय. त्या दिवशी हे घरी आले ना, असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. मी लगेच म्हटलं, वहिनी, तुमच्या मताचा मला आदर आहे. कार्ड काउंटरवर ठेवून निघाल्या. आदराने काम किती पटकन उरकतं!
काउंटरवर ट्यूबलाइटखाली रंग जुळवला. निळा. तंतोतंत. मागून खाकरल्याचा आवाज आला. शेड चुकली की दादा असाच खाकरायचा. पंख्याला ऑइल घालायला हवं.

६ तारीख
रंगाचा डबा परत. दारावर वेगळाच दिसतो म्हणे. लाकूड खराब असणार. वहिनींचं म्हणणं आदराने ऐकलं. (अर्धं.)

९ तारीख
दुसराही परत. पंखा बंद ठेवला, तरी खाकरणं चालूच. दाराजवळच्या स्टूलकडून येतं. दादा तिथे बसून बाहेरच्या उजेडात रंग बघायचा. मला काय गरज? तीस वर्षं काउंटरवर काढलीत. स्टूलवर रिकामी खोकी रचून ठेवली. जागा अडत होती म्हणून. घाबरलोबिबरलो नाही.

१३ तारीख, दुपारी
तिसरा परत. बायको म्हणाली, तुम्ही जेवताना मध्येच निळाच, निळाच म्हणता. तिच्या मताचाही आदर केला. मग तिने विचारलं, दादांची आठवण येते ना? छे, म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

१७ तारीख
चौथा परत. दुकान उघडलं तर खोकी जमिनीवर. रचणाऱ्याने धड रचली नव्हती. रचणारा मीच.

१८ तारीख, सकाळी ११
पाय दुखत होते म्हणून स्टूलवर बसलो. पायांसाठीच. हातात कार्ड होतं.
हिरवा.
काउंटरवर गेलो. निळा. स्टूलवर आलो. हिरवा. अकरा वेळा ये-जा केली. जेमतेम सहा पावलं आहेत. खाकरणं थांबलं.

१९ तारीख
पाचवा डबा स्टूलवर बसून जुळवला आणि स्वतः नेऊन दाराला लावला. वहिनी बघत राहिल्या. हाच, म्हणाल्या. मग मी मोठ्या मनाने कबुली द्यायला घेतली, की दादाचं बरोबर होतं वगैरे. भाषण छान रंगलं होतं. वहिनींनी मध्येच तोडलं. म्हणाल्या, भावोजी, तुम्ही मला बोलूच देत नाही. त्या दिवशी हे आले ते थेट स्वयंपाकघरात, ट्यूबखाली कार्ड धरून उभे राहिले. मला हाक मारून म्हणाले, धाकट्याचं बरोबर आहे गं, निळाच दिसतो. उद्या सांगतो त्याला.

२० तारीख
म्हणजे वाद मीच जिंकलो. खुद्द दादाने कबूल केलंय. साक्षीदार आहे.
सकाळपासून स्टूलवर बसून आहे. दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली. आवाज नाही, काही नाही. शेवटी मीच दोनदा खाकरून पाहिलं.
काउंटरवरून कोणी निळा म्हणालं नाही.