सुलेखाबाईंचं पत्र

४ नोव्हेंबर २००७, एश्बॉर्न
पोचले एकदाची! विमानतळावर अहिल्यामावशी आणि शिरीषकाका दोघंही घ्यायला आले होते. वेगळी खोली शोधायची नाही, इथंच राहायचं, असं मावशीने बजावलंय. माझं नवं ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर. त्यांची मुलगी उर्जा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. घरकामाला कराडकडच्या सुलेखाबाई आहेत, मावशीने दोन वर्षांपूर्वी आणलेल्या. त्यांनी तव्यावरची भाकरी आणि पिठलं वाढलं. जर्मनीत! मी चक्क तीन भाकऱ्या खाल्ल्या.

११ नोव्हेंबर
सुलेखाबाई केलरमध्ये, म्हणजे तळघरात झोपतात. वॉशिंग मशीनशेजारी गादी. मावशी बाहेरून कुलूप लावते. विचारलं तर म्हणाली, भाषा येत नाही, कुठं हरवल्या तर? पासपोर्टही तिच्याच कपाटात. मला ते बरं वाटलं नाही. पण सकाळी डोळे उघडायच्या आत उशाशी आल्याचा चहा होता, खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट.

२३ नोव्हेंबर
मावशी आंघोळीला गेल्यावर सुलेखाबाईंनी माझ्या हातात भावाच्या नावाचं पत्र दिलं. पासपोर्ट काढून घेतलाय, मला सोडवा, असं लिहिलंय. म्हणाल्या, "ताई, एवढं पोस्टात टाका. लेक विसरंल मला." मी शब्द दिला.

१ डिसेंबर
पत्र अजून पर्समध्येच. टाकलं तर पोलीस येतील. मावशीचं काय होईल, मी कुठं जाऊ? आणि खरं लिहायचं तर, सकाळच्या चहाचाही विचार मनात आला.
हल्ली मावशी प्रत्येक पदार्थाचा पहिला घास बाईंना खायला लावते. विष कालवलं असेल म्हणून. काकांनी सुऱ्या कपाटात बंद केल्यात. उर्जा अंथरूण ओलं करते, आणि चादर बदलणाऱ्या बाईंना चिमटे काढते. तिला कुणी रागवत नाही. मीही नाही.

९ डिसेंबर
माझा लोकरीचा कोट बाईंनी गरम पाण्यात धुतला. आटला. मी त्यांच्या थोबाडीत मारली. त्या नुसत्या खाली बघत राहिल्या, त्याने आणखीच डोकं फिरलं. त्याच रागात पत्र मावशीला दिलं. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, "आता तू खरी घरची झालीस."

२२ डिसेंबर
सगळे ऑस्ट्रियाला गेले, बर्फात खेळायला. सुलेखा केलरमध्ये. पत्राची शिक्षा. किल्ली माझ्याकडे. दिवसातून एकदा पाव-पाणी द्यायचं, असं मावशी सांगून गेली.

२३ डिसेंबर
दार वाजवतेय. उघडलं आणि ती अंगावर आली तर? मी मारलंय तिला. पाव उद्या देईन.

२४ डिसेंबर
वाजवणं चालूच. टीव्ही मोठा केला. खालचं हीटिंग मावशीने जाताना बंद केलं — मी बघितलं होतं.

२५ डिसेंबर
सकाळपासून आवाज नाही.
तीनदा जिन्यापर्यंत — परत आले.

२६ डिसेंबर
उघडलं. कात्री घेऊन गेले होते. जिवंत आहे. भिंतीला धरून उठली. ओठ निळे, बोटं वळत नव्हती. मी कात्री समोर धरली — तिने ती बघितली. मान खाली घातली. आवाज फुटत नव्हता, तरी विचारलं —
"ताई, चहा ठेवू का?"
आणि मी — देवा, माझ्या तोंडून "हो" निघालं —