काजव्याचा नवा आवाज

९ ऑक्टोबर, गुरुवार

काढला! बाबाला काजव्यातून काढला!

दुपारी ‘काजवा २’चा ट्रेलर आला. लाँड्रीच्या दुकानात मागे, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून बघितला. काजवा छपरावरून उडी मारतो, मुखवटा वर करतो, तोंड उघडतो — आणि आतून भलताच कुणीतरी बोलतो. एखादं पोरगं. अमेरिकेतला नट तोच, चेहरा तोच, आवाज परका. जसं काही आपल्या बापानं दार उघडलं आणि आवाज आला शेजाऱ्याचा.

मालकीण एर्सिलियाबाई किंचाळल्या, “ओर्सी! कॉलर जळतेय! कोणी मेलं काय?”

हो, असं म्हणणार होते. नाही म्हटलं. मी म्हणतच नाही काही.

घरी आल्यावर बाबाला विचारलं. तो बेसिनपाशी कॉफीचं भांडं घासत होता, पाठ माझ्याकडे. परत विचारलं तेव्हा कुठे वळला. “अगं, त्यांना तरुण आवाज हवा होता. चालायचंच.”

चालायचंच?!

१० ऑक्टोबर

झोप नीट नाही. लिहूनच टाकते.

लोकांना वाटतं सिनेमातला नट म्हणजे काजवा. पण इथे सिनेमा इटालियनमध्ये डब होऊन येतो; रोममध्ये कुणालाही विचारा — काजवा म्हणजे रुज्जेरोचा आवाज. माझ्या बाबाचा. पहिल्या भागात शेवटी सगळं शहर काळोखात जातं, ती लहान मुलगी रडते, आणि काजवा म्हणतो, “मी आहे ना. दिवा कशाला?” अख्खं थिएटर मुसमुसतं तिथे.

मूळ इंग्रजीत ते वाक्यच नाही. तिथे काहीतरी लांबलचक होतं, ओठांवर बसेना. मग बाबानं माझं घातलं. माझं! आमच्या जिन्यातला दिवा आपोआप विझतो, तिसरा मजला यायच्या आतच. मी पाच वर्षांची होते, भोकाड पसरायची. बाबा काळोखात हात धरून हेच म्हणायचा. ‘दिवा’च्या आधी अर्धा श्वास गिळायचा. सिनेमातही तसाच गिळलाय. ते फक्त मला कळतं.

एकदा मला स्टुडिओत नेलं होतं. काळोखी खोली, समोर पडदा, एका कानाला हेडफोन. “एक कान त्यांच्या आवाजाला,” म्हणाला, “आणि एक मोकळा, आपल्याला.”

आता ते सगळं त्या पोराला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तुल्लिओ आला होता दुकानात, आईचे पडदे घेऊन. जुन्या वर्गातला तो एकच अजून बोलतो माझ्याशी. कोपऱ्यावरच्या नळापाशी शपथ घेतली — ‘काजवा २’ बघायचा नाही. दोघांनीही नाही. तसाही दुसरा भाग म्हणजे कालचा पास्ता गरम करून वाढल्यासारखा.

“बघितला तर?” मी.

“तर माझी जीभ झडो,” तुल्लिओ. मग नळाचं पाणी प्यायला, म्हणजे पक्कं.

इंटरनेटवर पण लिहिलं. तिथे मी ‘जिन्यातली’ या नावानं लिहिते, तिथे मला कुणाची भीती वाटत नाही. नव्या आवाजाला ‘बकरी’ म्हटलं. भरपूर लोकांना आवडलं!

१९ ऑक्टोबर

बाबाला सांगायला गेले की बघ, तुझ्यासाठी केवढे लोक भांडतायत. तो टीव्हीपुढे. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, “हो का, वा.”

मग चॅनल बदललं.

फेब्रुवारीतही असंच. आठवडाभर आरशापुढे सराव केला आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हटलं, बाबा, मी शाळा सोडतेय, आता माझ्याच्यानं होत नाही. तो टोमॅटो चिरत होता. म्हणाला, “छान.” छान! एवढंच.

आणि नंतर शाळेचं पत्र आलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं — “मला का नाही सांगितलंस?” सांगितलं होतं की! तोंडावर खोटं बोलला माझा बाप. तोरिनोत राहणाऱ्या आईला फोन लावला, ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा.”

काजव्याचं तरी मनावर घेईल वाटलं होतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज लागला. नाही गेले.

३० ऑक्टोबर

तुल्लिओ गेला! पहिल्याच दिवशी! मामेभावाबरोबर!

“तिकीट त्यानं काढलेलं गं. फुकट होतं.”

“जीभ?”

“आहे अजून.” काढून दाखवली. गाढव. मग खाली बघत म्हणाला, “ओर्सी, पहिल्यापेक्षा भारी आहे. आईशप्पथ. तो नवा पण—”

मी शटर खाली ओढलं. दुकान बंद व्हायला अजून तास होता. एर्सिलियाबाई आत अडकल्या. “मला कोंडलंस काय गं, कार्टे?”

५ नोव्हेंबर, बुधवार

गेले.

हसायला गेले होते. सगळ्यात मागे बसले, पहिलं वाईट वाक्य येऊ दे, मोठ्यानं हसणार, असं ठरवून. मी! मोठ्यानं!

नाही हसले.

काय सिनेमा आहे. काय सिनेमा आहे!! मला वाटलं पुन्हा इमारती पडणार, पुन्हा आकाशातून कुणीतरी येणार. यात काजव्याचा उजेडच जातो. अगदी सुरुवातीला. आणि तो कुणाला सांगत नाही. कोटाच्या आत बॅटरी बांधून हिंडतो आणि लोक टाळ्या वाजवतात. ती लहान मुलगी आता मोठी झालीय, तिच्याशीसुद्धा खोटं बोलतो. मी मनात ओरडत होते — अरे मूर्खा, सांग ना तिला! मध्यंतरात उठून जायचं ठरवलेलं. उठवेना. पॉपकॉर्न आणायलाही गेले नाही.

आणि तो पोरगा. बकरी नाहीये तो. चांगला आहे. लिहिताना हात जड होतोय, पण चांगला आहे.

मग शेवट. बोगदा. बॅटरी संपते. मुलीला सगळं कळतं. तो काळोखात हात पुढे करतो आणि म्हणतो, “मी आहे ना. दिवा कशाला?”

‘दिवा’च्या आधी अर्धा श्वास गिळतो.

पहिल्या भागावरून नक्कल करून येत नाही ते. मी शंभरदा करून बघितलंय. तसा श्वास आमच्या जिन्यात उभं राहून, कुणीतरी हाताला धरून शिकवावा लागतो.

बाबानं शिकवलंय त्याला. काढलं-बिढलं काही नाही. बाबानं स्वतः दिलाय काजवा. आणि माझं वाक्यही दिलंय.

घरी येताना जिन्यातला दिवा विझला. बटण दाबलं नाही. चाचपडत चढले.

६ नोव्हेंबर

विचारलं. दारात उभी राहिले, तो पेपर वाचत होता. “तूच शिकवलंस ना त्याला? माझं वाक्य दिलंस ना?”

मान वर करून हसला. “हं, हं.”

हसून! असं हसून कबूल करतात?

७ नोव्हेंबर

बोलत नाही त्याच्याशी. तो विचारतो, मी मान हलवते. त्याला काही फरक पडलेला दिसत नाही.

११ नोव्हेंबर

एर्सिलियाबाई म्हणाल्या, “बापाशी भांडलीस? शर्ट बघ कसे दाबतेस. त्याचा गळा सापडला असता तर बरं झालं असतं, नाही?”

हो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी बेल वाजली. बाबा तिथेच बसलेला, हलला नाही. मला उघडावं लागलं.

दारात उंच पोरगा, हातात मिठाईवाल्याचा ट्रे, वर सोनेरी फीत. “मी एलिओ,” म्हणाला आणि मी ओळखलं. काजवा माझ्या दारात उभा, मिठाई घेऊन! मी भिंतीला चिकटले.

तो आत आला, बाबाच्या डाव्या बाजूला गेला, अगदी समोर वाकून, खणखणीत आवाजात म्हणाला, “मास्तर! बघितलात का? लोक रडतायत!” मग माझ्याकडे वळून, “एकीनं मला बकरी म्हटलंय, तेवढं सोडून.” आणि “बेंऽऽ” केलं. बाबा हसून हसून लाल. मला जमीन गिळेल तर बरं.

मी ताटल्या आणल्या, बाबाला हळूच विचारलं, क्रीमचा की चॉकलेटचा? बाबा “हं, हं.”

एलिओ मला म्हणाला, अगदी सहज, “उजवीकडून नको ना बोलूस. इकडे ये, डावीकडे.”

“का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाबाकडे. “मास्तर... हिला नाही सांगितलंत?”

बाबानं ताटलीकडे बघत सांगितलं. जानेवारीत एका सकाळी उठला तर उजवा कान बंद. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. परत आला नाही. एका कानावर डबिंग होत नाही — त्यांचं ऐकायचं की आपलं? म्हणून आपणच एलिओला शोधला, शिकवला. धंद्यात कळलं असतं तर शिकवायचं कामही गेलं असतं.

“आणि मी?” मी म्हटलं. डावीकडून.

“तू काजव्यासाठी जगाशी भांडत होतीस, ओर्सी. तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

मी रडले नाही. खोलीत आले. चिडलेय अजून. त्या पोराला सांगितलं, मला नाही.

पण कान जानेवारीत गेला. फेब्रुवारीत मी टोमॅटोच्या बाजूला उभी होते. उजवीकडे.

१७ नोव्हेंबर

जेवताना डावीकडे बसले. मोठ्यानं म्हटलं, इतकं मोठ्यानं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला — “बाबा, मी शाळा सोडतेय. आता माझ्याच्यानं होत नाही.”

छान नाही म्हणाला. काटा खाली ठेवला आणि म्हणाला, “का गं? काय झालं?”