वळसेदार फुलदाणी आणि सुनेचा वाटा

मी, खाली सही करणारी, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, आज पूर्ण शुद्धीत आहे आणि गुडघे सोडले तर ठणठणीतही आहे. कोणी भरीस घातले नसताना, माझ्या पश्चात काय कोणाचे, ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा आणि सून यांचे, निम्मे-निम्मे. बँकेतील ठेवी मुलाच्या. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला. तिचा त्यावर पहिल्यापासून डोळा आहेच.

२. वळसेदार झिलईची, म्हणजे ज्यांच्यावरच्या काचेरी लेपाचे दोन रंग भट्टीत एकमेकांत वळले आहेत अशी, माझी सर्व जुनी मातीची भांडी (फुलदाण्या, वाडगे, सुरया) एकट्या सुनेची. मुलगा ती एकगठ्ठा विकून टाकील. तो वाईट नाही. त्याला त्यांच्यावरची धूळ तेवढी दिसते.

कारण नोंदवणे भाग आहे. माझी निळी-तपकिरी उंच फुलदाणी जुन्या बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदारांनी चारचौघांत नकली ठरवली होती. "वळसे वरून रंगवलेत, बाई. गंडवलं तुम्हाला." त्यानंतर मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही. गेल्या वर्षी पुसताना ती सुनेच्या हातून पडली. "आई, तुमची सगळ्यात लाडकी वस्तू फोडली मी," ती रडवेली होऊन म्हणाली. तुकडे वेचता वेचता तीच थबकली. "पण हे बघा ना, रंग आतपर्यंत उतरलाय!" फुटल्या कडेला दोन्ही झिलया भट्टीच्या आचेने एकमेकींत विरघळलेल्या स्वच्छ दिसत होत्या. रंगवलेला वळसा वरच्यावरच राहतो.

तडक दोघी दुकानात गेलो. दुकानदारांनी तुकडा खिडकीपाशी नेला, भिंग लावून बराच वेळ पाहिला. "चुकलो, बाई. बसा, चहा सांगतो."

तेव्हापासून सून माझ्यासोबत जुन्या बाजारात येते. भांडे उपडे करून आधी बूड पाहते, झिलई कशी ओघळली आहे ते तपासते आणि मगच भाव विचारते.

३. तो तुकडा दुकानदारांना द्यावा. त्यांना साक्षीदार व्हायचे होते, पण वस्तू मिळणाऱ्याची साक्ष नको, असे वकीलबाई म्हणाल्या. ते जरा खट्टू झाले.

४. भांडी कुलपात ठेवू नयेत. उरलेल्या फुलदाण्यांत फुले असावीत.

५. परवा सुनेने एकटीने जाऊन हिरवा-पिवळा वाडगा आणला. खरा की नकली, म्हणून रोज मला विचारते. मला पाहताक्षणी कळले आहे. सांगणार मात्र नाही. तिची नजर आता तयार झाली आहे; तिचे तिलाच कळेल.

सही: शिक्षिकाबाई (स्वहस्ते)
साक्षीदार: १. समोरच्या घरातील परिचारिका २. आमचे डॉक्टर
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ जानेवारी, सकाळी