न धुतलेली ओढणी

मीरा रोड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम. दाजींचा गुडघा आता बरा असेल असं धरून लिहितेय. रवी आणि मी ठीक आहोत. पूनम सागरमधला आमचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, त्यामुळे रिक्षावाले कोपऱ्यावरच उतरवतात आणि पाळणाघराची मुलं धूळ घेऊनच आत येतात. बाकी नेहमीचंच.

दर रविवारी फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘कशी आहेस’ विचारतेस आणि माझ्या तोंडून ‘बरी’ निघून जातं. एकदा निघालं की ते मागे घेता येत नाही. कागदावर खोडता तरी येतं. या पत्राचे दोन कागद मी आधीच फाडलेत.

मला कोर्टाचं समन्स आलं होतं. घाबरू नकोस, साक्षीसाठी. बेलिफ आला तो नेमका मुलांच्या झोपेच्या वेळी. त्याने बेल दाबली आणि सगळी मुलं एकदम उठून रडायला लागली. एकीला कडेवर घेऊन, दुसऱ्याला पायाने थोपटत मी सही केली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, “मॅडम, पुढच्या वेळी दार वाजवीन.” म्हणजे पुढची वेळही असणार, हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर सोसायटीत काही दिवस मी आरोपी होते. खालच्या मजल्यावरच्या भाभीने लिफ्टमध्ये हळूच विचारलं, “दीदी, किया क्या आपने?”

खटला प्रणयचा होता. प्रणय चार वर्षांचा आहे आणि सव्वा वर्षाचा असल्यापासून दिवसभर माझ्याकडे असतो. वडील भूपेश, इथल्याच मुर्धा गावचे. त्यांची मोठी भावकी आहे, एके काळी मिठागरं होती. आईचं नाव पूर्वी. ती गेल्या वर्षी घर सोडून नाशिकला गेली. तिथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला नोकरी आहे. मुलगा दोघांनाही हवाय. भूपेशच्या वकिलाने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. भूपेश मला म्हणाले, “ताई, तुम्हाला फक्त खरं सांगायचंय. तो तुमच्याकडे कसा असतो, तेवढंच.”

भूपेश वाईट माणूस आहे असं समजू नकोस. प्रणयची नखं वेळेवर कापलेली असतात. डब्यात वरण वेगळं, भात वेगळा असतो, कारण कालवलेलं त्याला चालत नाही. ऑफिसातून यायला उशीर होणार असेल तर त्यांचा फोन येतो. हे सगळं मी स्वतःलाही पुन्हा पुन्हा सांगत होते. कुणाची तरी बाजू घ्यायची म्हटलं की दुसऱ्याला आधी मनात वाईट ठरवून टाकायचं, ही सोपी वाट मला नको होती.

कोर्टात जायचं तर मुलांना कुठे ठेवायचं? नोकरदाराला साक्षीसाठी रजा मिळते. मी रवीला विचारलं तर तो म्हणाला, “अर्ज टाक की.”

“कुणाकडे?”

“स्वतःकडे. आणि नामंजूर कर. तुला सवय आहे.”

मी हसले. तो हसला नाही.

पालकांच्या ग्रुपवर टाकलं, तर एकीचं ऑडिट होतं, एकीची सासू गावाला. एकाने लिहिलं, “दीदी, कोर्ट को बोलो ना सैटरडे रखे.” शेवटी सगळं जिजाबाईंवर आलं. त्या सकाळी येऊन मुलांचं जेवण करतात, भरवतात, भांडी आवरून दुपारी जातात. त्याही मुर्ध्याच्या, भूपेशच्या भावकीतल्या. त्यांनी आधी साफ नकार दिला.

“पोराला बापाच्या घरान काय कमी हाय?” भांडी आपटत त्या म्हणाल्या. “नाशिकला त्याचा कोन हाय? तू थय जाऊन उगा जास्ती बोलशील. तुझा सबाव मना माहीत हाय.”

“विचारतील तेवढंच बोलेन, जिजाबाई.”

“तू न्हाय तेवढ्यावर थांबायची.”

तरी तारखेच्या दिवशी माझ्याआधी त्या दारात उभ्या होत्या. मी बघत राहिले तर म्हणाल्या, “कोर्टानं मना न्हाय बोलावला. पोरांनी बोलावलाय. जा आता.”

त्या दिवशी घोडबंदर रोडने बसमधून ठाण्याला गेले, संध्याकाळपर्यंत बाकावर बसले आणि तशीच परत आले. एका बाजूचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, पुढची तारीख पडली. एका मुलीला तिच्या घरच्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या पाळणाघरात घातलं. मी त्यांना दोष देत नाही. पण खरं सांगते अक्का, तारीख पुढे गेली तेव्हा मला हायसं वाटलं. ते मुलांमुळे नव्हतं. प्रणय माझ्याकडे आणखी काही दिवस राहणार होता.

आता ओढणीचं सांगते.

माझ्याकडे एक नियम आहे, तुला ठाऊकच आहे. मूल पहिल्या दिवशी येतं तेव्हा त्याच्या आईची वापरलेली, न धुतलेली ओढणी किंवा साडी सोबत आणायची. दुपारी मूल त्यावर झोपतं. वास उडाला की ती घरी जाते, दुसरी येते. नवीन पालक नाक मुरडतात, मग आठवड्याभरात स्वतःच आठवणीने पाठवतात. हा नियम कुठून आला तेही तुला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहीन. जमलं तर.

पूर्वी गेली तेव्हा तिची एक निळी ओढणी माझ्याकडेच राहिली होती. तिचा वास जात चालला तसा प्रणय झोपेनासा झाला. रडायचा नाही, नुसता छताकडे बघत पडायचा. मग एक दिवस कुरिअरने पाकीट आलं. आत एक पिवळी ओढणी, चुरगळलेली, बाकी काही नाही. एक ओळसुद्धा नाही. मी ती त्याच्या डोक्याखाली घातली. त्याने त्यात तोंड खुपसलं आणि तो झोपला.

त्यानंतर पाकिटं येत राहिली. कधी हिरवी, कधी ठिपक्यांची. कधी डेटॉलचा वास, कधी खोबरेल तेलाचा. भूपेशनी मला बजावलं होतं, केस चालू आहे, तिच्याशी बोलू नका. म्हणून मी बोलले नाही. पोच दिली नाही, आभार मानले नाहीत. जुनी ओढणी तेवढी धुऊन घडी करून कपाटात ठेवत गेले. भूपेशनाही सांगितलं नाही. दोघांच्या मधे उभं राहून कुणाशीच खोटं न बोलण्याची ही माझी युक्ती होती. ती प्रामाणिक होती की नुसती सोयीची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या तारखेला माझी साक्ष झाली. आधी विचारलं, देवाची शपथ घेणार की प्रतिज्ञा करणार? मी प्रतिज्ञा केली. आवाज माझाच वाटत नव्हता.

भूपेशचे वकील फार गोड बोलत होते. “मुलगा तुमच्याकडे आनंदात असतो?”

“हो.”

“रडतो?”

“नाही.”

“आईची आठवण काढतो?”

“तोंडाने नाही.”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“नाही.”

“दुपारी शांत झोपतो?”

“हो. शांत झोपतो.”

त्यांनी न्यायाधीशबाईंकडे बघून मान हलवली, जणू झालंच. प्रणयच्या आईच्या वकिलाने भूपेशच्या उशिरा येण्याबद्दल काहीबाही विचारलं, त्यातून काही निघालं नाही. सगळी उत्तरं खरी होती. पूर्वी समोर खाली मान घालून बसली होती. आपल्या मुलाला आपली आठवणसुद्धा येत नाही, हे ती ऐकत होती.

अक्का, मला तेवढ्यावर पिंजऱ्यातून खाली उतरता आलं असतं. मुलगा बापाकडे राहिला असता. रोज सकाळी उलटे बूट घालून दारात आला असता. जेवताना माझ्या कानाची पाळी धरून “मावशी, भात गरम आहे की गार, खरं सांग” म्हणाला असता. मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायचं होतं, असं मी लिहितेय. गप्प राहावंसं वाटत होतं, असं लिहायला हवं.

मी म्हणाले, “मला आणखी सांगायचंय.”

वकील म्हणाले, “विचारलेल्याचंच उत्तर द्या.” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “बोलू द्या त्यांना.”

मग मी ओढण्यांचं सांगितलं. पाकीट यायला उशीर झाला की तो झोपत नाही, हेही. पूर्वीने मान वर केली. आपण पाठवतोय ते मुलापर्यंत पोचतं की कचऱ्यात जातं, हे तिला इतके महिने ठाऊक नव्हतं. ती तोंडावर हात धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

निकाल तिच्या बाजूने लागला. भूपेशनी सुट्टीत न्यायचं, भेटायचं. माझ्या सांगण्याने झालं असं मी म्हणणार नाही. कोर्टापुढे आणखीही बरंच होतं. जिजाबाई मात्र माझ्यामुळेच झालं असं धरून आहेत. चहा करून देतात, पण कप समोर न ठेवता ओट्यावर ठेवून जातात.

परवा शुक्रवारी पूर्वी त्याला न्यायला आली. भूपेश त्याची बॅग घेऊन आले. प्रणय झोपला होता. उठवा, असं दोघांपैकी कुणीच म्हणेना. मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसले, तो उठायची वाट बघत. मी भिंतीला टेकून बसले. तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

भूपेश हळू आवाजात म्हणाले, “ताई, मला सांगितलं असतंत तर मी ओढण्या बंद केल्या असत्या, असं वाटलं का तुम्हाला?”

“हो.”

त्यांनी हातातल्या बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाले, “केल्याच असत्या.”

प्रणय उठला. आईकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग जाऊन तिच्या मांडीवर बसला, जसा काही ती कालच उठून गेली होती. बूट मी घातले, सुलटे. दारातून तो म्हणाला, “मावशी, मी उद्या येतो हं.” मी “हो” म्हटलं. प्रतिज्ञा कोर्टापुरती होती.

आता ते दुसरं लिहिते.

तुझी कृतिका माझ्याकडे आली तेव्हा प्रणयपेक्षाही लहान होती. तुझ्या बदल्यांच्या गावांना धड शाळा नव्हत्या, म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस आणि सोबत तुझी नेसलेली साडी दिलीस. “धुऊ नकोस,” म्हणालीस. तिथून माझं पाळणाघर सुरू झालं. बाकीच्या मुलांना मला ‘मावशी’ म्हणायला तिनेच शिकवलं. ती नऊ वर्षांची झाली, तुला अहमदपूर मिळालं, घर झालं, तू तिला घेऊन गेलीस. तुझी मुलगी तू नेलीस. त्यात चूक शोधायचा मी खूप प्रयत्न केला, सापडली नाही. मी हसून तिचा डबा भरला, रिक्षात बसवलं, वर आले आणि संध्याकाळी पालक येईपर्यंत मुलांना सांभाळलं.

तेव्हापासून मी अहमदपूरला आलेले नाही. गृहप्रवेशाला नाही, दाजींच्या ऑपरेशनला नाही, तिच्या दहावीनंतरही नाही. दर वेळी तुला सांगितलं, पाळणाघर बंद ठेवता येत नाही. तुलाही ते पटायचं, निदान तू पटल्यासारखं करायचीस. आता कोर्टाने बोलावलं तर मी दोनदा गेले. मुलं राहिली. जिजाबाई होत्या. अर्जाच्या त्या थट्टेवर रवी का हसला नाही, ते मला तेव्हाही कळलं होतं.

मला तिची आठवण येते, अक्का. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण ऐकून तुला वाटलं असतं, हिला मुलगी परत हवीय. परत नकोय. बघायचीय. ती आता कशी बोलते, जेवताना अजून हट्ट करते का, केस अजून कुणाला विंचरू देत नाही का, हे सगळं मला तू फोनवर सांगतेस, पण तुझ्या आवाजात. दुपारी पोरं झोपली की मी कधी कधी तिच्या जागी बघते. तिथे आता दुसरीच मुलं झोपतात, हे मला माहीत असतं.

जानेवारीत चार दिवस पाळणाघर बंद ठेवतेय, पालकांना कळवलंय. तिची बारावी आहे, तिच्या अभ्यासाच्या मी आड येणार नाही. पण मी अहमदपूरला येण्याआधी तू तिला विचार, मावशीने यावं असं तिला वाटतं का. माझ्या बाजूने काही सांगू नकोस, नुसतं विचार. ती ‘नको’ म्हणाली तर मला वाईट वाटणार नाही, असं लिहून मी नुकतंच खोडलंय. वाईट वाटेल. खूप वाटेल. तरी विचार, आणि ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळव.

दाजींना जय भीम.

बरी नसलेली,
तुझी धाकटी
स्नेहल