चार तासांच्या आत

३ फेब्रुवारी
चार तास! डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवून सांगितलं — "हृदय एकदा बाहेर काढलं, की चार तासांत दुसऱ्या छातीत सुरू व्हायला हवं." दुसरी छाती म्हणजे आमच्या लेकीची. सव्वीस वर्षांची पोर, आणि एक जिना चढताना तीनदा बसते.

५ फेब्रुवारी
चौतीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं लावली. निवृत्त झाल्यावर आता विमानांचं लावतोय. अकरा विमानतळं, प्रत्येकाचं अंतर, उड्डाणाचा वेळ. नऊशे किलोमीटर — दीड तास. वर तिकडचा रस्ता वीस मिनिटं, इकडचा पस्तीस, आणि हृदय बसवायला तास. ओढूनताणून बाराशेपर्यंत जमतं. त्यापुढे काट!
लेकीने कागद बघितला. "बाबा, माझी गाडी किती लेट आहे?" हसता हसता धाप लागली तिला. ही माझ्यावरच उखडली — "हसवू नका हो तिला!"

११ फेब्रुवारी
मिळालं होतं. रक्तगटही जुळला. पण अंतर अठराशे, उड्डाण तीन तास. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागद पसरला. पाठीमागून वारा असेल तर वीस मिनिटं वाचतील, रस्ते मोकळे करून घेऊ... त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, तरी साडेचार तास होतात हो."
होतात. मला काय बेरीज येत नाही? आज मुद्दाम चुकवत होतो.

१२ फेब्रुवारी
लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी
लाज वाटते, पण लिहितो. पेपरात अपघाताची बातमी — मोटारसायकल, तरुण शिक्षक, डोक्याला मार, शुद्ध नाही. आधी गावाचं नाव बघितलं. मग अंतर काढलं. सहाशे चाळीस! बरं वाटलं. बरं वाटलं मला! त्याचाही बाप असाच कुठल्या तरी बाकावर बसला असेल.
पेपर उशीखाली सारला. दुपारी हिने तो शोधून काढला, तेच पान वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग घडी घालून परत उशीखाली ठेवला.

२४ फेब्रुवारी
लेक अतिदक्षता विभागात. काचेपलीकडून नुसतं बोट हलवते.

२६ फेब्रुवारी, सकाळ
फोन आला! सातशे किलोमीटर, एक तास दहा मिनिटं! दहा चाळीसला हृदय काढलं, अकरा पाचला विमान सुटलं. कोण गेलं ते सांगत नाहीत. कोणी एक बाई, एवढंच. हिने हात जोडले, मीही जोडले. कोणत्या दिशेला जोडायचे ते कळेना.

२६ फेब्रुवारी, दुपार
विमान वेळेवर उतरलं. लेक त्याच्या दहा मिनिटं आधी गेली.
डॉक्टरीणबाई समोर उभ्या, डोळे लाल. "काका... शेजारच्या वॉर्डात एक गवंडी आहे. यादीत दुसरा. त्याची तयारी केलीय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला..."
मी म्हणालो, "मग इथे काय उभ्या आहात? जा! अजून सव्वादोन तास आहेत."